दाराचं दुखणं

आमच्या दाराला मुळात काही झालंच नव्हतं, असं माझी बायको इनायात आता येईल त्याला सांगते. तिचं ऐकू नका. तिने त्या दाराबरोबर नुसता संसार केला. मी त्याचा अभ्यास केला.

अलेक्झांड्रियात ट्रामच्या रस्त्यामागे जी गल्ली आहे, तिथे तिसऱ्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड. दार आमच्या आधीच्या ग्रीक भाडेकरूने करून घेतलेलं, जाड, जड आणि त्या ग्रीकासारखंच हट्टी. एके दिवशी त्याच्या कुलपाची जीभ चौकटीत अडकायला लागली. दार उघडायचं तर किल्ली अर्धी फिरवायची, गुडघ्याने दार वर उचलायचं, अल्लाचं नाव घ्यायचं आणि खांदा हाणायचा. मग असा आवाज व्हायचा, की तळमजल्यावरचा इस्त्रीवाला शर्टावरून इस्त्री उचलून म्हणायचा, "शौकीअफंदी आले."

कुलूपवाल्याला बोलावलं असतं तर चहा निवायच्या आत काम झालं असतं, असं कुणीही सामान्य माणूस म्हणेल. पण आमच्याकडे कुणी "कसं काय" विचारलं आणि तुम्ही "उत्तम" म्हणालात, तर रात्रीपर्यंत नजर लागून अंथरूण धरावं लागतं. शहाणा माणूस एखादं दुखणं हाताशी ठेवतो. कुणाचा गुडघा असतो, कुणाची सासू असते. माझ्याकडे दार होतं.

पहिल्या संध्याकाळी कहवाखान्यात मी एवढंच म्हणालो, की दार जरा अडतं. झकरिया मास्तरांनी सोंगटी हातातच धरली. हे भूगोलाचे निवृत्त मास्तर. जगातली प्रत्येक गोष्ट खाऱ्या वाऱ्याने होते यावर त्यांचा विश्वास. ते म्हणाले, "अडतं म्हणजे कसं? नीट सांगा." आता मला सांगा, चाळीस वर्षं बंदराच्या कचेरीत काढलेल्या माणसाला "नीट सांगा" असं आजवर कोण म्हणालं होतं? तिथे सगळे "लवकर सांगा" म्हणायचे. मी नीट सांगितलं. शेजारच्या दोन टेबलांनी खुर्च्या वळवल्या.

त्यानंतर ते दार वाढीला लागलं. रमजानात उपास सोडायची तोफ झाली तेव्हा मी बाहेर आणि घरचे आत असं एकदा घडलं, एक खजूर चावून होईल एवढाच वेळ. पण कहवाखान्यात पोचेपर्यंत त्या खजुराचं जेवण झालं. मी पायरीवर बसलोय, किल्लीच्या भोकातून मसुराच्या सूपाचा वास येतोय, आणि शेवटी इनायातने त्याच भोकातून रबरी नळी सारून मला घोटघोट सूप पाजलं. गोष्ट नळीपाशी आली तेव्हा ऐकणाऱ्यांतल्या दोघांचे डोळे पाणावले. त्यातला एक वेटर होता. त्याने कॉफी सांडली, पण बिल मागितलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. मास्तर म्हणाले, खारा वारा. खालच्या मजल्यावरच्या सित्त बहिया म्हणाल्या, नजर. या बाईंचे यजमान जकात खात्यात होते. ते वारल्यापासून बाई आमच्या जिन्यावर लक्ष ठेवतात. त्यांनी धूप फिरवला आणि चौकटीवर निळा मणी ठोकला. त्या खिळ्याने चौकट आणखी तिरकी झाली. दरवान अम्म बिलाल म्हणाला, "दाराचं काही नाही साहेब, भिंत खचलीय." संध्याकाळपर्यंत इमारतीतले सगळे आमच्या भिंतीला कान लावून उभे. चौथ्या मजल्यावरच्या एकाने तर सामान बांधायला घेतलं.

दुरुस्ती घरमालकाने करायची की भाडेकरूने, हा आमच्या शहरातला सनातन वाद. आमचं भाडं इतकं जुनं, की त्यात मालकाची एक वेळची सिगारेट येत नाही. तो खिळासुद्धा मारणार नाही. आणि मी मारला तर माझी बाजू पडली. म्हणून मी वॉर्डाच्या कचेरीत तक्रार घेऊन गेलो.

कारकून म्हणाला, "दार उघडतं का?"

"कधी उघडतं, कधी नाही."

"आज?"

"आज उघडलं. म्हणून तर आलो."

"मग तक्रार कसली?"

"अहो, ज्या दिवशी उघडत नाही त्या दिवशी मला येता येत नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग ज्या दिवशी येता येणार नाही, त्या दिवशी या."

तरीही त्यांनी पाहणीला माणूस पाठवला. त्याने एका बोटाने दार ढकललं. ते निर्लज्ज दार लोण्यातून सुरी जावी तसं उघडलं. त्या माणसाने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि जाताना अम्म बिलालला हळूच विचारलं, "यांना घरी कुणी आहे ना?" हा अपमान मी त्या संध्याकाळी तीनदा सांगितला, तेव्हा कुठे जिव्हारी लागायचा थांबला.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग आमच्या समीहाला मागणी आली.

समीहा आमची एकुलती एक. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि आईवर गेल्यामुळे बोलते कमी. नश्अत नावाचा एक सरळ मुलगा तिच्या मनात दोन वर्षं होता. अडचण होती ती त्याच्या वडिलांची. दमनहूरचे हाज रिज्क, सरकीच्या तेलाचा घाणा, आणि नाक असं की वाऱ्याची झुळूक लागली तरी ठसठसावं. एका घरी कॉफी उशिरा आली म्हणून उठले. दुसऱ्या घरी लवकर आली म्हणून उठले. म्हणे घालवायची घाई दिसते. नश्अतने समीहाला स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा एकदा उठले की त्या घरी परत जात नाहीत. मी भांडेन, पण आई मधल्यामध्ये मरेल."

शुक्रवारच्या नमाजानंतर यायचं ठरलं. इनायातने मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिच्या हातात पितळी खलाचा बत्ता होता.

"समीहाचे बाबा, गुरुवारपर्यंत दार."

"अगं, पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तो पुरावा..."

"गुरुवारपर्यंत दार, नाहीतर तुम्ही."

गुरुवारी मी खरोखर कुलूपवाल्याच्या दुकानी गेलो. उस्ता अब्दुलगफ्फार कानस घासत होता. मला बघून त्याने कानस ठेवली आणि विचारलं, "बोला, दाराला काय झालंय?"

ज्याने मला हे विचारलं त्याने स्वतःच्या जबाबदारीवर विचारलं. मी ग्रीकापासून सुरुवात केली. खारा वारा झाला, मणी झाला, कारकून झाला. समोरचा मासळीवाला तराजू सोडून आला. नळीपाशी पोचलो तेव्हा संध्याकाळची बांग झाली. उस्ताने डोळे पुसले, माझा हात दोन्ही हातांत घेतला, म्हणाला, "वा शौकीअफंदी, फार दिवसांनी असं ऐकलं," आणि दुकानाची फळी ओढून घरी गेला. मीही तरंगत घरी आलो. त्याला या म्हणायचं तेवढं राहून गेलं.

"बोललात त्याच्याशी?" इनायातने विचारलं.

"दोन तास," मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं.

शुक्रवारी नमाजाहून परतलो, खांदा हाणला, आत आलो, दार लावलं. नेहमीसारखा आवाज झाला, आणि त्यामागून एक छोटासा, दात पडल्यासारखा आवाज झाला. किल्ली घातली. ती फिरली. फिरतच राहिली. मूठ ओढली तर ती हातात आली.

मी उस्ताच्या घरी फोन लावला. त्याची बायको म्हणाली, "कोण, दारवाले शौकीअफंदी? थांबा हं, पोरांना बोलावते. कालचं यांनी सांगितलं, पण यांना सांगता येत नाही."

फोन ठेवून मी बाल्कनीत धावलो. खाली बाकावर अम्म बिलाल चहा पीत होता.

"अम्म बिलाल, दार अडकलं."

"माहीत आहे साहेब."

"आज खरंच अडकलंय."

"रोज खरंच असतं साहेब." आणि त्याने साखर ढवळली.

तेवढ्यात टॅक्सी आली. आधी हाज रिज्कांची काठी उतरली, मग हाज रिज्क, मग त्यांच्या पत्नी हाज्जा फिक्रिया, तब्येतीने भरभक्कम, आणि शेवटी हातात मिठाईचा मोठा डबा घेतलेला नश्अत. डब्याला लाल रिबीन. नव्या सुटात तो पोरगा परीक्षेला बसल्यासारखा दिसत होता.

मी वरून अदबीने सलाम करून परिस्थिती सांगितली. हाजनी मान वर केली. ती खाली आली तेव्हा नाक लाल झालेलं होतं. इनायातने प्रसंग ओळखून भाजीची टोपली दोरीने खाली सोडली. "आधी डबा तरी वर येऊ दे, हाज. तुमच्या पायांचा मान तुम्ही वर आल्यावर." नश्अतने डबा टोपलीत ठेवला, टोपली वर आली, कठड्याला टेकली. इथवर इज्जत शाबूत होती.

"पण दाराला झालंय काय?" हाज रिज्कांनी खालून विचारलं.

मी शपथेवर सांगतो, मी सुरुवात केली नाही. त्यांनी विचारलं.

आणि आजूबाजूला पाहतो तर प्रत्येक बाल्कनीत माणसं. सित्त बहिया खालच्या कठड्यावर उशी ठेवून बसलेल्या. मशिदीतून परतणारे लोक थांबलेले. गर्दीतून झकरिया मास्तर ओरडले, "नळीपासून घ्या, शौकीअफंदी, पाहुण्यांना गाडी गाठायची असेल." इतका मोठा श्रोतृवर्ग मला आयुष्यात मिळाला नव्हता. आवाज आपोआप लागला.

मागून इनायात म्हणत होती, "अहो, किल्ली खाली सोडा. बिलाल बाहेरून फिरवून बघेल." मी अगदी नळी भोकात सारण्याच्या जागी होतो. एका हाताने नळी दाखवत मी दुसऱ्या हाताने किल्ली टोपलीत टाकली आणि दोरी सैल सोडली. टोपली मजले उतरत गेली. तिच्याकडे मी पाहिलं नाही. कथा सांगताना मी श्रोत्यांकडे बघतो.

श्रोते टोपलीकडे बघत होते.

टोपली हाज रिज्कांच्या पुढ्यात टेकली. आत डबा होता. लाल रिबिनीसकट, जसाच्या तसा. किल्ली त्याच्यामागे कुठेतरी घसरली होती.

आमच्याकडे मागणी घालायला आलेल्यांची मिठाई परत गेली, की बोलणं मिटलं. त्याच्यापुढे कुणाला नकाराचा शब्द उच्चारावा लागत नाही.

हाज्जा फिक्रिया हळूच म्हणाल्या, "रिबीनसुद्धा सोडली नाही."

"समजलं," हाज रिज्क म्हणाले. "आधी दार, मग डबा. मला एक इशारा पुरतो, यांनी दोन दिले."

"हाज, ती चूक झाली," मी म्हणालो. "किल्ली होती टोपलीत. देवाशपथ दार अडकलंय. माझ्या आईच्या कबरीची शपथ."

"हा भाग नवीन आहे," मास्तरांनी शेजारच्याला सांगितलं.

हाजनी अम्म बिलालकडे काठी केली. "तू इथला दरवान. खरं सांग. दार अडकलंय?"

अम्म बिलाल सच्चा माणूस. तो उभा राहून म्हणाला, "हाज, हे दार वर्षभर रोज अडकतं, आणि साहेब रोज संध्याकाळी कॉफीला जातात."

हाज टॅक्सीकडे वळले. मी छाती बडवली, पगडी नव्हती म्हणून रुमाल फेकला, माझ्या वाडवडिलांना साक्षीला बोलावलं. जितकं कळवळून बोलावं तितकं ते छान वठत गेलं. पलीकडच्या बाल्कनीतून कुणीतरी टाळी वाजवली. नश्अत टॅक्सीचं दार धरून वर बघत होता. माझ्याकडे नाही, माझ्या मागे. म्हणून मीही मागे वळून पाहिलं.

समीहा पिस्त्याच्या रंगाच्या पोशाखात कॉफीचं तबक घेऊन उभी होती. कॉफीवरचा फेस बसून गेला होता. तिने तबक माझ्या हातात दिलं, मला कठड्यापासून जरा बाजूला केलं आणि खाली वाकली.

"काका," ती म्हणाली, "दार अडकलंय. डबा चुकून खाली आला. मला तुमच्या नश्अतशी लग्न करायचंय. तुम्ही वर या, येईपर्यंत मी बिजागऱ्यांचे खिळे काढते."

बस. एवढंच. ना सुरुवात, ना चढण, ना एखादा दाखला. तबक हातात घेऊन मी मनात म्हटलं, मेलो. एवढ्याशावर कोण विश्वास ठेवणार.

हाज्जा फिक्रियांनी यजमानांच्या हातातली काठी काढून घेतली. "अहो, ही मुलगी एकदाच बोलते. तुमच्या अख्ख्या घराण्यात असं कुणी आहे का? चला वर." डबा त्यांनी स्वतः उचलला.

जिन्यावर काठीचा आवाज येऊ लागला. आत समीहा स्टुलावर चढली होती. कबाबाची सळई बिजागरीच्या खिळ्याखाली लावायची आणि आईच्या बत्त्याने खालून ठोकायचं. पहिला खिळा निघाला. दाराशी माझं वर्षभराचं नातं, म्हणून दोन्ही हातांनी दार पेलून धरायचं काम माझ्याकडे आलं. पलीकडे हाज रिज्क धापा टाकत पोचले. मधल्या वेळात पाहुण्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी दाराआडून म्हणालो, "हाज, हे दार मुळात एका ग्रीकाचं..."

दुसरा खिळा निघाला. "तर तो ग्रीक," मी सांगत होतो, "स्वभावाने..."

"बाबा, तिसरा निघाला. बाजूला व्हा," समीहा म्हणाली.

मी वाक्य अर्धं सोडत नाही. पलीकडून हाज्जांचा आवाज आला, "सरा हो, मी बघते," आणि तो ग्रीक त्याच्या सगळ्या स्वभावासकट माझ्या अंगावर आला.

मी उताणा, माझ्यावर दार, आणि दारावरून हाज्जा फिक्रिया डबा घेऊन आमच्या घरात आल्या. त्यांच्या मागून हाज. त्यांच्या मागून नश्अत, पण तो बिचारा कडेकडेने चालला. मग सित्त बहिया आल्या, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं. खालून मी माझ्या बरगड्यांची अवस्था तपशीलवार सांगायला लागलो.

"हे दाराखाली आहेत का?" हाजनी विचारलं.

"बोलू द्या त्यांना," इनायात म्हणाली. "बोललं की बरं वाटतं. तुम्ही बसा, नवी कॉफी टाकलीय."

कॉफी बरोबर वेळेवर आली असणार, कारण हाज उठले नाहीत. माझ्या डोक्यावरून हुंडाबिंडा नाही पण दागिन्याचं, घराचं, फर्निचरचं बोलणं झालं. मला जे ठरवायला वर्षभर कहवाखान्यात बसावं लागलं असतं, ते इनायातने एका कपात उरकलं. मग फातिहा, म्हणजे कुराणातला पहिला अध्याय, वाचायची वेळ आली. दोन्हीकडच्या वडिलांनी हातात हात घेऊन ती वाचली की शब्द पक्का, वडील लागतातच. सगळ्यांना तेव्हा माझी आठवण झाली.

"उचला ते दार," हाज म्हणाले.

"उचललं तर हे पुन्हा ग्रीकापासून सुरू करतील," इनायात म्हणाली. "आधी फातिहा होऊन जाऊ दे."

हाज रिज्क खाली बसले. दाराच्या कडेखालून माझा उजवा हात तेवढा बाहेर होता. त्यांनी तो आपल्या हातात घेतला, आणि आम्ही दोघांनी, एकाने वरून आणि एकाने खालून, फातिहा वाचली. माझं आमीन जरा घुसमटलेलं निघालं. सित्त बहियांनी जिभेने अशी लांब किलकारी दिली, की खाली गल्लीत टाळ्या झाल्या. मग दार उचललं. समीहा गुडघ्यावर बसून माझ्या कोटावरची धूळ झटकत होती. "लागलं का बाबा?" तिने विचारलं. मला तेव्हा सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण तिचा चेहरा इतक्या जवळून बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. "नाही," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात छोटं भाषण.

शनिवारी उस्ता येऊन नवं कुलूप बसवून गेला. चहा निवायच्या आत. लग्न ईदनंतर आहे, हाज्जा समीहाला दररोज फोन करतात आणि दोघी मिळून चार वाक्यं बोलतात.

दार आता नुसत्या बोटाने उघडतं. आवाज नाही, काही नाही. इस्त्रीवाला मान वर करत नाही. कहवाखान्यात मी सांगितलं, की दार दुरुस्त झालं. मास्तर "अल्लाची कृपा" म्हणाले आणि खुर्ची उचलून पलीकडच्या टेबलावर गेले. तिथे एकाला पित्ताशयात खडा सापडलाय. त्यातून नश्अतने बातमी आणली, की दमनहूरच्या कहवाखान्यात त्याचे वडील दाराची गोष्ट सांगतात आणि गर्दी मावत नाही. त्यांच्या गोष्टीत दाराखाली ते स्वतः असतात. नळीसुद्धा घेतलीय म्हणे.

काल संध्याकाळी मी निमूट जिना चढत होतो. सित्त बहियांनी दार उघडलं.

"शौकीअफंदी, बरे आहात ना? आठवडाभर तुम्ही आल्याचं कळलंच नाही. मला आपलं वाटलं, आजारी पडलात की काय."

मी पायरीवर थांबलो. कठड्याला धरलं. एक मोठा श्वास सोडला.

"काय सांगू, सित्त बहिया," मी म्हणालो. "आमचं दार दुरुस्त झालं."

"अरे देवा," त्या म्हणाल्या आणि आतून खुर्ची आणायला गेल्या.